पहिला पावसाळा आणि लेप्टो: पाण्यात पाय घातलात ती तारीख लिहून ठेवा

मी मुंबईतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर भांडण नको. पण जुलै लागला की आमच्या काउंटरला तापाची जी रांग लागते त्यात दरवर्षी नवे चेहरे असतात, नुकतीच नोकरीला आलेली वाशिम-लातूर-धुळ्याकडची पोरंपोरी, ज्यांनी गुडघाभर पाण्यातून चालत ऑफिस गाठणं हा प्रकार आयुष्यात पहिल्यांदा केलेला असतो. मलेरिया माहीत असतो, डेंग्यू माहीत असतो, लेप्टो म्हटलं की "ते काय असतं?" तर हे त्यांच्यासाठी. आणि हल्ली शहरातून कोकणात लावणीचा अनुभव घ्यायला जाणाऱ्या मंडळींसाठी पण, चिखलात उतरून रील काढायच्या आधी वाचून घ्या.

एकच गोष्ट डोक्यात बसवा, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या पाण्यातून होणारा ताप) हा तारखांचा आजार आहे. पाण्यात कधी गेलात, ताप कधी आला, रक्त कधी दिलं. या तीन तारखा नीट सांगता आल्या तर अर्धं काम झालं, आणि नेमक्या याच कुणाला सांगता येत नाहीत.

आधी जंतू कोण ते बघू

जंतूचं पूर्ण नाव लेप्टोस्पायरा. हा बॅक्टेरिया आहे, व्हायरस नाही, त्यामुळे अँटिबायोटिकने मरतो, ही त्यातल्या त्यात चांगली बातमी. जाडी जेमतेम ०.१ मायक्रॉन, म्हणजे आमच्या रोजच्या मायक्रोस्कोपखाली नेहमीच्या स्लाइडवर तो दिसतच नाही, डार्क फील्ड लागतं, आणि मग काळ्या पडद्यावर चकाकणारी बारीक स्प्रिंग गरगर फिरताना दिसते, टोक आकड्यासारखं वाकलेलं. १९०७ मध्ये अमेरिकेत स्टिमसन नावाच्या डॉक्टरला किडनीच्या कापात हा दिसला, तो आकार बघून त्याने नाव दिलं इंटेरोगन्स, प्रश्नचिन्हावरून. गंमत म्हणजे तो रुग्ण पिवळ्या तापाने गेला असंच सगळे धरून चालले होते. पुढे १९१५ मध्ये जपानमध्ये इनाडा आणि इडो यांनी कोळशाच्या खाणीतल्या मजुरांच्या तापामागे हाच जंतू आहे हे दाखवलं. आपल्याकडे अंदमानात कित्येक वर्षं एका तापाला नुसतंच 'अंदमान हेमोरेजिक फीवर' म्हणायचे, तपासलं तर निघाला लेप्टो. दुसऱ्या तापाच्या नावावर खपून जायची याची सवय जुनीच आहे.

हा राहतो मुख्यतः उंदराच्या किडनीत. उंदराला काही होत नाही, तो मजेत फिरतो आणि लघवीतून जंतू सोडत राहतो. कुत्रे, डुकरं, गाई-म्हशी यांच्यातूनही येतो. लघवी पाण्यात मिसळली की पाणी साचलेलं, माती ओली असेल तिथे जंतू आठवडेच्या आठवडे तग धरतो. पण वाळलं की मेला, साबणाने मरतो, ब्लीचिंग पावडरने मरतो, पाणी उकळलं की मरतो. एवढा नाजूक जीव, पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर काही वाळतच नाही ना.

म्हणूनच मोठ्या पुरानंतर पंधरवड्याने याची लाट येते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला हे सगळ्यांना पाठ आहे, त्यानंतर ऑगस्टमध्ये मुंबईत लेप्टोचे पेशंट किती वाढले ते मात्र ज्यांच्या घरात झालं त्यांनाच आठवतं.

माणसाकडून माणसाला हा जवळजवळ होतच नाही. रूममेटला लेप्टो झाला तर त्याचं ताट-वाटी वेगळं करायची, गादी बाहेर काढायची काही गरज नाही, उलट त्याला हॉस्पिटलला न्यायला सोबत जा.

स्टेप १: पाण्यात जायच्या आधी

सगळ्यात सोपं म्हणजे जाऊच नका. हे लिहायला सोपं आहे, मला कळतं, हिंदमाताला पाणी भरलंय आणि बॉसचा मेसेज आलाय की माणूस पँट दुमडतोच. पण थोडं थांबलात तर भरती ओसरल्यावर पाणी बऱ्याचदा उतरतं, तेवढं तरी बघा.

जायचंच असेल तर आधी पाय बघा. नीट, लाइटखाली. लोक म्हणतात "मला जखम नाहीये", आणि टाचेला भेगा असतात, बोटांच्या बेचक्यात चिखल्या झालेल्या असतात, चप्पल चावून साल निघालेली असते, आदल्या दिवशी वॅक्सिंग किंवा शेव्हिंग केलेलं असतं. जंतूला यातलं काहीही चालतं. आणि कातडी तासन् तास पाण्यात भिजून पांढरी-सुरकुतलेली झाली की तीही कमकुवत होते. डोळे, नाक, तोंड हे तर उघडे दरवाजेच, त्यामुळे बाजूने बस गेली आणि तोंडावर पाणी उडालं तर तेही धरा.

जखमेवर वॉटरप्रूफ पट्टी लावा, पायात गमबूट घाला. भोकाभोकाच्या रबरी चपला म्हणजे पाणी आत यायचं आमंत्रण. गमबुटाच्या वरून पाणी आत गेलं तर ते तसंच घालून चालत राहू नका, काढून रिकामा करा, नाहीतर पाय तासभर त्याच पाण्यात भिजत ठेवलात असं होतं.

स्टेप २: बाहेर आल्यावर, त्याच दिवशी

ऑफिसला पोचल्या पोचल्या पाय साबणाने स्वच्छ पाण्यात धुवा, बोटांच्या मधून, नखांच्या कडेने, आणि कोरडे पुसा. संध्याकाळी घरी जाऊन धुवू असं नको, ओले मोजे आठ तास पायात ठेवणं हे सगळ्यात वाईट. बॅगेत एक कोरडा मोज्यांचा जोड आणि छोटा नॅपकिन जूनपासून असू द्या.

मग फोन काढा आणि तारीख लिहा. नोट्समध्ये, कॅलेंडरमध्ये, आईला मेसेज करून, कुठेही. "९ जुलै, कुर्ला, गुडघाभर, डाव्या टाचेला भेग." बस एवढं. महिन्याभराने तापात डोकं चालत नसतं तेव्हा ही एक ओळ कामाला येते.

स्टेप ३: गोळीचं काय

दरवर्षी पाणी तुंबलं की महापालिका सूचना काढते की साचलेल्या पाण्यातून गेलेल्यांनी तीन दिवसांच्या आत, म्हणजे ७२ तासांत, डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्यावं. औषध म्हणजे डॉक्सीसायक्लिन. साधारण पद्धत अशी आहे: एकदाच पाण्यातून गेलात आणि अंगावर जखम नाही तर मोठ्या माणसाला २०० मिलिग्रॅमचा एकच डोस, जखम असेल तर रोज २०० मिलिग्रॅम असे तीन दिवस, आणि ज्यांचं कामच त्या पाण्यात आहे, सफाई कामगार वगैरे, त्यांना आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम असं सहा आठवडे. गरोदर बायका आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ही गोळी देत नाहीत, त्यांच्यासाठी अ‍ॅझिथ्रोमायसिन असतं, ते डॉक्टर ठरवतील.

हे आकडे मी यासाठी लिहिले की दवाखान्यात गेल्यावर काय बोलणं चाललंय ते तुम्हाला कळावं. मेडिकलवाल्याकडून स्ट्रिप आणून पूर्ण ऑफिसला वाटू नका, हा प्रकार मी बघितलाय, एकाने रिकाम्या पोटी घेतली आणि दिवसभर उलट्या काढल्या, आणि दुसऱ्याला औषधाची अ‍ॅलर्जी होती ते कुणी विचारलंच नाही. महापालिकेच्या दवाखान्यात जा, पैसे फारसे लागत नाहीत, रांग असते ती असते.

घ्यायची कशी तेही सांगतो कारण चिठ्ठीवर हे कुणी लिहीत नाही. जेवून घ्या, मोठा ग्लासभर पाण्याबरोबर, आणि लगेच आडवे होऊ नका, गोळी अन्ननलिकेत अडकली तर छातीत अशी जळजळ होते की हार्ट अटॅक आला वाटतं. दुधाबरोबर, अ‍ॅसिडिटीच्या औषधाबरोबर किंवा लोहाच्या गोळीबरोबर नको, अंगाला कमी लागते.

आणि गोळी घेतली म्हणजे विमा उतरवला असं नाही. शक्यता कमी होते, संपत नाही. तारीख पुसू नका.

स्टेप ४: पुढचे तीस दिवस

पाणी आणि ताप यांच्या मध्ये साधारण ५ ते १४ दिवस जातात, पण कमीत कमी दोन दिवस आणि जास्तीत जास्त महिनाही लागू शकतो. घोळ इथेच होतो. दहा दिवसांनी ताप आला की माणसाला काल खाल्लेली पाणीपुरी आठवते, दहा दिवसांपूर्वीचं पाणी आठवत नाही.

लक्षणं कशी ओळखायची? सुरुवात कुठल्याही तापासारखी, अचानक जोरात ताप, थंडी, डोकं ठणकणं, उलटी. पण दोन गोष्टी बघा. एक, पोटऱ्या. अंग सगळ्याच तापात दुखतं, पण लेप्टोत पोटऱ्या आणि कंबर अशी दुखते की कुणी नुसता हात लावला तरी माणूस ओरडतो. दोन, डोळे. लालभडक होतात पण चिकटत नाहीत, पू नाही, चिपडं नाहीत. दोन्ही असलंच पाहिजे असं काही नाही, पण असेल तर डॉक्टरला आवर्जून सांगा.

तीन-चार वर्षांपूर्वी एक मुलगा आला होता, तेवीस-चोवीसचा, सोबत मित्र. डोळे असे लाल की मित्र त्याच्याकडे बघतच नव्हता, "आय फ्लू आहे सर, लांबूनच सुई मारा." मी दंडाला पट्टा बांधला, शीर शोधतोय, तर हा पाय सारखा सरळ करतोय, वाकवतोय, बसवत नाहीये त्याला. म्हटलं काय झालं, म्हणे काल स्टेशनचे जिने चढलो म्हणून पाय भरून आलेत. मी विचारलं पाण्यातून कधी गेलेलास? तर म्हणे नाही. मित्र मागून म्हणाला, "अरे त्या शनिवारी चुनाभट्टीला नव्हतो का आपण, तुझा बूट गेला वाहून!" झालं. अनवाणी, अर्धा किलोमीटर, नऊ दिवसांपूर्वी. डॉक्टरच्या चिठ्ठीवर फक्त डेंग्यू आणि मलेरिया लिहिलेलं, मी म्हटलं आत्ताच्या आत्ता परत जा आणि ही बुटाची गोष्ट सांग.

स्टेप ५: ताप आला की

थर्मामीटर लावा, ताप कधी सुरू झाला ती तारीख आणि वेळ लिहा. ही दुसरी तारीख.

पॅरासिटामॉल चालेल. पोटऱ्या दुखतात म्हणून आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक असल्या पेनकिलर स्वतःच्या मनाने अजिबात नको. लेप्टो किडनीवर जातो आणि या गोळ्याही किडनीवर भार टाकतात, शिवाय ताप डेंग्यूचा निघाला तरी या गोळ्यांनी रक्तस्रावाची भीती वाढते. म्हणजे कुठल्याही बाजूने तोटाच.

मग डॉक्टरकडे, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या. आत गेल्यावर पहिलं वाक्य "ताप आहे" हे नको, "अमुक तारखेला साचलेल्या पाण्यातून गेलो होतो, आणि परवापासून ताप आहे" हे. पावसाळ्यात डॉक्टर दिवसाला शंभर ताप बघतात हो, तुमचा ताप वेगळा का ते तुम्हीच सांगायचं. लेप्टोची दाट शंका असली तर डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करतात, तेव्हा "टेस्ट यायच्या आधीच अँटिबायोटिक का" म्हणून वाद घालू नका, लवकर सुरू केलेलं औषधच उपयोगाचं.

स्टेप ६: रिपोर्ट कसा वाचायचा

हा माझा प्रांत, म्हणून जरा लांबण लावतो.

लेप्टोसाठी जी टेस्ट सगळीकडे होते ती आयजीएम. ही जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध शरीराने बनवलेली अँटिबॉडी शोधते. ती बनायला वेळ लागतो, तापाच्या साधारण पाचव्या-सहाव्या दिवसानंतर ती दिसायला लागते. म्हणजे तापाच्या दुसऱ्या दिवशी आयजीएम केली आणि निगेटिव्ह आली, तर त्याचा अर्थ 'लेप्टो नाही' असा होत नाही, 'अजून कळत नाही' असा होतो. पहिल्या आठवड्यात शोधायचाच असेल तर पीसीआर, त्यात जंतूचा जीनच सापडतो, पण ती महाग आणि सगळीकडे होत नाही.

आता उलटी बाजू. आयजीएम एकदा पॉझिटिव्ह झाली की कित्येक महिने तशीच राहू शकते, त्यामुळे गेल्या वर्षीचा हलका लेप्टो, जो तुम्हाला साधा ताप वाटून गेला, तो यंदाच्या मलेरियात पॉझिटिव्ह म्हणून डोकं वर काढू शकतो. म्हणून गरज पडली तर डॉक्टर आठवडा-दहा दिवसांनी दुसरं सॅम्पल मागतात. लोक चिडतात, लॅबवाले पैसे काढतात म्हणतात, पण दोन सॅम्पलमधला फरक बघितल्याशिवाय पक्कं सांगता येत नाही.

बाकी साध्या रिपोर्टमध्येही बरंच लपलेलं असतं. सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, प्लेटलेट डेंग्यूतही पडतात आणि लेप्टोतही, पण पांढऱ्या पेशी डेंग्यूत बहुतेक वेळा कमी होतात, लेप्टोत नॉर्मल किंवा वाढलेल्या. कावीळ असेल तर बिलिरुबिन (ज्याने डोळे पिवळे होतात ते) खूप वर आणि एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की वाढतं ते) त्या मानाने थोडंच वाढलेलं, हे लेप्टोचं चित्र, व्हायरल हिपॅटायटिसला एसजीपीटी हजाराच्या घरात जातं. आणि क्रिएटिनिन, किडनी नीट काम करेनाशी झाली की रक्तात साठतं ते. ते वाढलेलं दिसलं की आम्ही रिपोर्ट टाइप व्हायची वाट न बघता डॉक्टरला फोन लावतो. यातल्या एकाही आकड्यावरून घरी बसून निदान करू नका, पण "प्लेटलेट कमी म्हणजे डेंग्यूच" एवढ्यावर तरी गाडी थांबवू नका.

त्या बूटवाल्या मुलाचं काय झालं सांगायचं राहिलं. तापाच्या तिसऱ्या दिवशी रक्त दिलं, डेंग्यू निगेटिव्ह, मलेरिया निगेटिव्ह, डॉक्टरने वाढवून दिलेली लेप्टो आयजीएमही निगेटिव्ह. त्याने रिपोर्ट गावी वडिलांना पाठवला, "सगळं निगेटिव्ह, काळजी नको", आणि डॉक्टरने दिलेल्या गोळ्या दोन दिवसांत बंद केल्या. सहाव्या दिवशी मित्राच्या खांद्यावर हात टाकून परत आला, डोळे आता लालच्या जागी पिवळे. क्रिएटिनिन चारच्या वर. आयजीएम यावेळी स्पष्ट पॉझिटिव्ह. अ‍ॅडमिट झाला, दोनदा डायलिसिस लागलं, वाचला. लेप्टोत बंद पडत चाललेली किडनी वेळेत सांभाळली तर बहुतेकदा पूर्ववत होते, त्याचीही झाली. पण रिपोर्टवर तारीख आम्ही छापतोच की, तापाचा कितवा दिवस ते मात्र कुठेच छापलेलं नसतं, आणि तेव्हापासून मी कलेक्शनच्या वेळी पेनने पावतीच्या कोपऱ्यात लिहून देतो, "तापाचा ३ रा दिवस". साहेबांना आवडत नाही, अजून बंद केलेलं नाही.

स्टेप ७: घरी थांबायचं नाही असे प्रसंग

लघवी कमी झाली किंवा चहासारखी गडद झाली. डोळे पिवळे. धाप लागतेय. खोकल्यात रक्त, अगदी धाग्याएवढं असलं तरी. बडबड, गुंगी. यातलं एकही असेल तर फॅमिली डॉक्टरची संध्याकाळची ओपीडी उघडायची वाट बघू नका, थेट मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. मुंबईत खास साथरोगांचं म्हणून महापालिकेचं कस्तुरबा आहे चिंचपोकळीला, पण केईएम, सायन, नायर कुठेही चालेल, जे जवळ ते. फुफ्फुसात रक्तस्राव सुरू झाला तर खेळ तासांचा असतो. जगभरात वर्षाला अंदाजे दहा लाख लोकांना हा होतो आणि त्यातले सुमारे ५९ हजार दगावतात, आणि दगावणाऱ्यांत उशिरा आलेले भरपूर.

गावी शेतात उतरणाऱ्यांसाठी वेगळं

कोकणात आम्हाला लेप्टो कोण सांगत नाही, सिंधुदुर्गात तो घराघरात माहीत आहे. चिखलणी आणि लावणीच्या दिवसांत माणूस सकाळी सातला मळ्यात उतरतो तो दुपारी वर येतो, बांधात उंदरांची बिळं, बाजूला बैलांचं जोत, आणि पाय अनवाणी. गमबूट घाला म्हणणं सोपं आहे, चिखलात गमबूट असा रुततो की पाय वर येतो आणि बूट खालीच राहतो. म्हणून आमच्याकडे आशाताई लावणीच्या आधी दारात येऊन आठवड्याची डॉक्सीची गोळी देतात, ती घ्या, फळीवर ठेवून देऊ नका. मळ्यातून वर आलात की त्याच मळ्याच्या पाण्यात पाय खळबळवून घरी यायचं नाही, विहिरीवर साबण लावून धुवायचे. रात्री भेगांना खोबरेल तेल चोळायची आजीची पद्धत चांगली आहे, भेगा मऊ राहतात, पण त्याने जंतू अडतो असं समजू नका.

माझ्या धाकट्या काकांना झाला तेव्हा चार दिवस ते एकच बोलत होते, "चिखलात उभो रवलंय मा, पाय दुखतलेच!" शेतकऱ्याचे पाय लावणीत दुखणारच, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. थर्मामीटर लावला तेव्हा १०३. लावणीत ताप आणि पोटऱ्या हे एकत्र आलं की काम बाजूला ठेवायचं, एवढंच.

एक शेवटचं, "मला एकदा होऊन गेलाय, आता होणार नाही" म्हणतात त्यांच्यासाठी. या जंतूचे अडीचशेवर प्रकार आहेत आणि एकाची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला पुरेलच असं नाही. घरात कुत्रा असेल तर त्याच्या वार्षिक इंजेक्शनात लेप्टो आहे का ते व्हेटला विचारा, कुत्र्यांसाठी लस आहे. माणसांसाठी आपल्याकडे रोजच्या वापरात तशी लस नाही, त्यामुळे कचरा झाकून ठेवणं आणि उंदरांचा बंदोबस्त हेच. आणि कोल्ड्रिंकच्या कॅनवर उंदराची लघवी म्हणून फिरणारा तो मेसेज, कॅन पुसून प्या की, पण लघवी वाळली की जंतू मरतो, आणि तो मेसेज फॉरवर्ड करणारी आमच्या ओळखीतली दोन माणसं दर जुलैत चपला हातात घेऊन सायनच्या पाण्यातून चालत येतात.

काकांना आता जूनमध्ये आठवण करावी लागत नाही, गोळीच्या दिवसावर कालनिर्णयला स्वतःच पेन्सिलने गोल करतात. गमबूट मात्र पडवीत कोरेच आहेत.